विमानाचा खेळ आणि सोपा सराव

आमच्या घरात एक लढाऊ वैमानिक आहे, असे आम्ही दोन वर्षे ऑफिसात सांगत होतो. चेष्टेनेच, पण सांगत होतो. थोरला तेव्हा आठवीत होता. आमच्या भाच्याने नवा संगणक घेतला आणि आपला जुना आमच्याकडे आणून ठेवला. "मामा, पोरांच्या अभ्यासाला होईल," असे म्हणाला. त्या संगणकात अभ्यासाचे जे होते ते होते, पण एक विमानाचा खेळही होता. ‘आयएल-टू स्टुर्मोविक’ हे त्याचे नाव. मॉस्कोतल्या मंडळींनी तयार केलेला हा खेळ २००१ साली निघाला. दुसऱ्या महायुद्धात रशिया आणि जर्मनी यांच्या विमानांत जी झुंज झाली, तिच्यावर तो बेतलेला आहे. पुढे त्यात भर पडत गेली आणि २००६ साली ‘१९४६’ या नावाने सगळा एकत्र बाजारात आला. आजकालचे खेळ जुन्या संगणकावर चालत नाहीत, हा चालतो. म्हणून तर तो आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊ शकला.

ज्या वाचकांनी असा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नुसत्या गोळ्या झाडत सुटायचा हा खेळ नव्हे. पडद्यावर वैमानिकाच्या पुढची यंत्रे दिसतात. वेग किती, उंची किती, इंजिन किती तापले, सगळे काटे हलत असतात. हवा पंखाला कशी उचलते, विमान वळताना वेग कसा घटतो, याचा हिशेब संगणक क्षणोक्षणी करत असतो. याला सिम्युलेटर म्हणतात, म्हणजे खऱ्याची नक्कल.

आणि नक्कल खऱ्याच्या जवळ असली की पहिला दिवस रडण्यातच जायचा. थोरल्याचे विमान जमिनीवरून उठेचना. वेग घेतला की डावीकडे वळे, गवतात शिरे आणि पंख मोडून पडे. सात-आठ वेळा असे झाल्यावर पोरगा तोंड फिरवून बसला. तेव्हा भाच्याने सेटिंगची यादी उघडली. आम्ही शेजारीच होतो. वारा, इंजिनचे तापणे, पंख्याच्या फिरण्याने विमानाला लागणारी ओढ, विमानाची उचल जाऊन गरगरत खाली येणे, गोळ्या संपणे, इंधन संपणे, आपल्या विमानाला इजा होणे, अशी वीसेक कलमे होती आणि प्रत्येकापुढे एक बटण. भाच्याने पटापट सगळी अडचण बंद केली. "आता उडव," म्हणाला.

उडाले! रेषेसारखे सरळ उडाले. त्या संध्याकाळी थोरल्याने नऊ विमाने पाडली. दोन वर्षांत किती पाडली याची गणती नाही. आमच्या सौ. सुद्धा स्वयंपाक करता करता विचारायच्या, "आज किती?"

दहावीची परीक्षा झाली. सुट्टीत भाचा पुन्हा आला, या वेळी लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली जॉयस्टिक आणि स्वतःचा संगणक घेऊन. दोन्ही संगणक तारेने जोडले. "आता दोघे समोरासमोर, पण सगळे खरे-खरे," असे ठरले. यादीतली सगळी बटणे पुन्हा चालू झाली. थोरला तीनदा गवतात गेला. चौथ्यांदा कसाबसा हवेत गेला, भाच्याच्या मागे वळायला म्हणून काठी जोरात ओढली आणि विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली आले. भाच्याने एक गोळीही झाडली नव्हती.

त्या रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, "पप्पा, मग मी दोन वर्षं काय शिकलो?"

आम्ही म्हणालो, "खेळच तर आहे, झोप." हे उत्तर चुकीचे होते, ते आम्हाला बोलताक्षणीच कळले. कारण दहावीनंतर काय, या प्रश्नावर थोरला महिनाभर आधी प्रथमच स्पष्ट बोलला होता. त्याला एनडीएची परीक्षा द्यायची आहे आणि हवाई दलात जायचे आहे. खासगी संस्थेतून वैमानिक व्हायचे तर लाखो रुपयांची फी. आमच्या पगारात तो विचारही शक्य नाही. खडकवासल्याची एनडीए सरकारी खर्चाने शिकवते. पण उड्डाण शाखेसाठी लेखी परीक्षा आणि मुलाखती यांच्याबरोबर एक यंत्रावरची चाचणीही असते. तिच्यात उमेदवाराचे डोळे, हात आणि डोके एका वेळी किती काम पेलतात, ते पाहिले जाते. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झाला तर पुन्हा कधीच नाही. हा खेळ म्हणजे त्या चाचणीची तयारी, असा आमचा दावा नाही. पण विमान पडल्यावर पडद्यावर ‘पुन्हा उडा’ असे बटण येते आणि पोराला जिथे जायचे आहे तिथे ते बटण नाही, एवढे आमच्या लक्षात आले. सोप्यात गेलेली दोन वर्षे फुकट गेली की कामी आली, हा प्रश्न मग आमचाही झाला.

आता आम्ही बी.कॉम. झालेला कारकून. विमानात आजवर एकदाही बसलेलो नाही. पण विचार करताना आम्हाला आठवला तो आमचा टायपिंगचा क्लास. नोकरीसाठी इंग्रजी तीस आणि मराठी तीस पाहिजे होते. पहिल्या दिवशी सरांनी ‘ए एस डी एफ’ एवढीच चार अक्षरे दिली. आठ दिवस तेच. याहून सोपे काय असणार? पण बोट कुठल्या अक्षरावर ठेवायचे याचा नियम पहिल्या दिवसापासून पुरा लागू होता. करंगळीचे काम करंगळीनेच करायचे. आमच्या शेजारच्या यंत्रावरच्या मुलाने वेगळे सोपे शोधले होते. तो अक्षरांकडे बघून दोन बोटांनी मारायचा. पहिले दोन महिने तो आमच्या पुढे होता आणि आम्हाला त्याचा हेवा वाटायचा. खरे सांगायचे तर आम्हीही चोरून बघायला लागलो. मग सरांनी एके दिवशी आमच्या हातांवर कापड टाकले. परीक्षेत आम्ही पहिल्या खेपेला नापास झालो, ते त्या चोरून बघण्यानेच. बोटांना लागलेली खोड मोडायला नवे शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

म्हणजे ‘सोपे’ हा शब्द एक असला तरी प्रकार दोन आहेत. ‘ए एस डी एफ’ हे सोपे होते, पण ती टायपिंगच होती. अक्षरांकडे बघणे हेही सोपे होते, पण ते दुसरेच काही होते. हे सूत्र हाती धरून आम्ही आणि भाचा विमानाची ती वीस कलमे एकेक करून तपासायला बसलो. (रविवारची सोसायटीची मीटिंग त्यापायी बुडाली, अध्यक्षांनी क्षमा करावी.)

पहिले कलम पंख्याच्या ओढीचे. त्या काळच्या विमानाला पुढे भलामोठा पंखा असे आणि हजार-हजार अश्वशक्तीचे इंजिन तो फिरवी. पंखा एका दिशेला फिरला की विमान उलट अंगाला कलू पाहते, शिवाय पंख्याची हवा गोल फिरत मागे जाऊन शेपटीवर आदळते. म्हणून जर्मनांचे मेसरश्मिट १०९ धावपट्टीवर डावीकडे ओढ घेई. त्याची चाके एकमेकांच्या फार जवळ, त्यामुळे ते सावरणे आणखी कठीण. वैमानिकाला उजव्या पायाने शेपटीचे सुकाणू दाबून धरावे लागे. आमच्या जॉयस्टिकला पायाची पट्टी नाही, काठी पिळावी लागते. हे कलम बंद केले की विमान आपोआप सरळ जाते. म्हणजे दोन वर्षे थोरल्याचे मनगट ‘काही करू नको’ हेच शिकत होते.

दुसरे कलम उचल जाण्याचे, आणि ते त्याहून वाईट. विमानाचे नाक फार वर ओढले की समोरून येणाऱ्या वाऱ्याला पंख फार तिरपा पडतो, वरच्या अंगाची हवा सुटते आणि पंख उचलायचे थांबतो. दोहोंपैकी एक पंख आधी सोडतो आणि विमान गरगरत खाली येते. यातून बाहेर यायचे तर इंजिन कमी करावे लागते, फिरण्याच्या उलट दिशेला सुकाणू द्यावे लागते आणि काठी पुढे ढकलावी लागते. जमीन समोर गरगरत असताना काठी पुढे ढकलणे! कुठल्याही माणसाचा हात ती मागेच ओढणार. हे कलम बंद असताना काठी मागे ओढावी तेवढे विमान वळते. जो जास्त ओढेल तो जिंकतो. थोरला दोन वर्षे नेमके तेच करत होता, म्हणजे खऱ्या आकाशात ज्याने माणूस मरतो ते.

तिसरे नेमबाजीचे. भाचा दुसरा एक खेळ खेळतो, ‘वॉर थंडर’. त्याच्या सोप्या प्रकारात शत्रूच्या विमानापुढे एक छोटे वर्तुळ दिसते. त्यात नेम धरला की गोळी लागते. आम्ही कागदावर हिशेब केला, तेवढे आम्हाला येते. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ८०० मीटर. शत्रू ३०० मीटरवरून आडवा चालला आहे, वेग ताशी ४०० किलोमीटर. गोळी पोचेपर्यंत तो जवळजवळ ४० मीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या चौपट. नेम त्याच्यावर नव्हे, पुढच्या रिकाम्या हवेत धरायचा. ही रिकामी जागा डोळ्याने अंदाजणे हेच तर सगळे कसब. वर्तुळ ते काम करून टाकते आणि डोळा नुसता वर्तुळ शोधायला शिकतो.

अमर्याद गोळ्यांवर आमचा आणि भाच्याचा वाद झाला. तो म्हणाला, नव्या माणसाला गोळ्या भरपूर असाव्यात, म्हणजे नेमाचा सराव होतो. त्यात तथ्य आहे. पण इंग्रजांच्या हरिकेन विमानाला पंखांत आठ मशीनगन होत्या आणि सगळ्या मिळून जेमतेम पंधरा सेकंद चालतील एवढ्याच गोळ्या. पंधरा सेकंद! महिन्याच्या पगारासारखेच ते. ज्याने कायम बोट दाबूनच ठेवले, त्याला कधी झाडू नये हे कसे कळणार? पहिले काही दिवस गोळ्या भरपूर, मग मोजक्या, अशी आमची तडजोड झाली.

उलट काही सोपी कलमे निर्धोक निघाली. शत्रू एकच असणे, तो कच्चा असणे, हवामान स्वच्छ असणे, हाताखाली शांत स्वभावाचे विमान असणे. यात काम हलके होते, पण जे करायचे ते खरेच करावे लागते. हवाई दलातही नवा मुलगा पहिल्या दिवशी लढाऊ विमानात बसत नाही. हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत तो आधी पिलाटस पीसी-७ या छोट्या, पंख्याच्या विमानावर शिकतो. विमान सोपे असते. त्याच्याभोवतीची हवा मात्र कोणी सोपी करून देत नाही.

भाच्याने आम्हाला या विषयावरचे काही वाचूनही दाखवले. विमानाच्या नकलेची सुरुवातच गमतीची आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा, पियानो-ऑर्गन बनवणाऱ्याचा मुलगा होता. त्याने ऑर्गनचे भाते वापरून डुलणारी विमानाची पेटी १९२९ च्या सुमारास बनवली. विमान शिकवणाऱ्यांनी तिच्याकडे पाहिले नाही, ती जत्रेच्या बागांतून पैसे घेऊन बसायचे खेळणे म्हणून खपली. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम आले आणि ढगात, धुक्यात, रात्री उडता न आल्याने थोड्याच आठवड्यांत दहाहून अधिक जण दगावले. तेव्हा कुठे लष्कराने त्या पेट्या घेतल्या. पेटीवर झाकण घातले की बाहेरचे काही दिसत नसे, फक्त काट्यांवर भरवसा ठेवायचा. खेळणे होते, पण जे अवघड तेच त्यात ठेवले होते.

दुसरी गोष्ट डॅनियल गोफर या इस्रायली संशोधकाची. इलिनॉय विद्यापीठात १९८० च्या दशकात ‘स्पेस फोर्ट्रेस’ नावाचा संगणकाचा खेळ तयार झाला होता, मुद्दाम माणूस अवघड गोष्ट कशी शिकतो हे पाहण्यासाठी. दिसायला नुसत्या रेघोट्या, विमानाशी साम्य शून्य. गोफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायली हवाई दलाच्या शिकाऊ मुलांना तो दहा तास खेळवला. पुढे प्रत्यक्ष विमानात ही मुले न खेळलेल्यांपेक्षा सरस ठरली. १९९४ साली हे छापून आले. पण आम्हाला त्यांची शिकवण्याची रीत जास्त मोलाची वाटली. खेळ सोपा केला नव्हता. तो पुराच ठेवून ‘आज एवढ्या एकाच गोष्टीकडे लक्ष दे, बाकीचे बिघडले तरी चालेल’ असे पाळीपाळीने सांगितले होते.

तिसरे, विन्स्टीन आणि श्मिट या दोघांचा १९९० चा प्रयोग. हाताची एक हालचाल शिकताना काहींना प्रत्येक वेळी किती चुकले ते सांगितले, काहींना निम्म्याच वेळा. नंतर काहीच न सांगता परीक्षा घेतली, तर निम्म्या वेळा सांगितलेलेच पुढे. आम्हाला सरांचे कापड आठवले.

मग आम्ही घरात वही घातली. ऑफिसातली आवक-जावक ठेवतो तशीच, तारीख, विमान, उडाले की नाही, उतरले की नाही. विमान हरिकेन ठरवले, कारण त्याची चाके एकमेकांपासून दूर असल्याने ते जमिनीवर शहाण्यासारखे वागते. आपल्या हवाई दलानेही दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हे विमान वापरले होते, हे ऐकून थोरल्याला ते आवडले. शत्रू नाही, वारा नाही, पण पंख्याची ओढ आणि उचल जाणे दोन्ही चालू. पहिल्या रविवारी अकरा वेळा धाव घेतली, दोनदा हवेत गेला.

इथे एक गोष्ट घडली ती आम्ही ठरवलेली नव्हती. धाकटी सातवीत आहे. दादाचे विमान सोपे होते तेव्हा तिला कोणी हात लावू दिला नव्हता. आता वही भरायचे काम तिच्याकडे आले आणि एका रविवारी म्हणाली, "मी पण." दादा हसला. पाचव्या धावेला ती हवेत होती! तिचे मनगट आपसूक उजवीकडे पिळले जात होते, कारण त्याला आधीचे काही विसरायचेच नव्हते. दादाला ही सवय लागायला तीन रविवार गेले. एका मुलीवरून सिद्धान्त मांडायचा नसतो, पण वहीत आकडे आहेत. (२०२२ पासून एनडीएत मुलीही आहेत, हे तिला ठाऊक आहे.)

पण थोरल्याची दोन वर्षे सगळीच वाया गेली, असेही वहीत दिसत नाही. पुढे शत्रू आला तेव्हा धाकटी गोंधळली. कुठला काटा कशाचा, नकाशावर आपण कुठे, लांबचा ठिपका आपला की परका, यातच ती अडकली. थोरल्याला हे सगळे पाठ होते. पंखांच्या आकारावरून तो विमान ओळखतो. मागे वळून बघायची सवय मात्र त्याला नव्हती. विमानाला इजाच होत नसेल तर मागे बघायचे कशाला? भाच्याचे म्हणणेही आम्ही नमूद करतो. "मामा, त्या दिवशी मी सोपं केलं नसतं तर त्याने दुसऱ्या दिवशी संगणकच लावला नसता." हे खरे आहे. रडणाऱ्या पोराला आठ दिवस सोपे देणे चूक नव्हती. दोन वर्षे कोणी ते बटण पुन्हा दाबून पाहिले नाही, ही चूक झाली आणि ती आमची. आम्ही पाडलेली विमाने मोजत होतो.

उचल गेल्यावर सावरण्याचा सराव ३००० मीटर उंचीवर केला, म्हणजे चुकायला जागा राहते. काठी पुढे ढकलताना पहिल्यांदा पोराने डोळे मिटले होते. आम्हीही एकदा बसून पाहिले. आमचे विमान गवतात गेले, कुंपणही तोडले, त्याची नोंद धाकटीने लाल शाईने केली आहे.

थोरला आता अकरावीत आहे. गेल्या महिन्यात त्याने आपणहून एक नियम केला. संध्याकाळी एकच उड्डाण. ‘पुन्हा उडा’ दाबायचे नाही. पडले की संगणक बंद. काल रात्री जेवणे आटोपून तो बसला. पडद्यावर हरिकेन पळू लागले, उठले, आणि नुकते झाडांच्या वर गेले असेल तोच घाईत वळवले म्हणून डावा पंख खाली गेला. सगळे मिळून मिनिटभराचा खेळ. सौ. म्हणाल्या, "अरे, आत्ताच तर बसलास, घे अजून एकदा." त्याने काही न बोलता संगणक बंद केला, गणिताचे पुस्तक काढले आणि धाकटीला म्हणाला, "लिही, उडाले, उतरले नाही."